गावपळण आणि भोपळ्याचं मशीन

माझ्या मोठ्या दिरांनी काजूच्या शेडमध्ये मशीन आणून बसवलं, तेव्हा ते बघायला अख्खी वाडी लोटली होती. मीही गेले. स्टीलचं लांबलचक धूड, एका टोकाला वर रुंद तोंड, मध्ये दातेरी चाकं, पुढे चाळणी आणि शेवटी नळ. दगडासारखी गोठवलेली भाजी वरून टाकायची, चाकांनी ती वितळायच्या आत किसायची, लगेच वाफेने गरम करायची आणि चाळणीतून दाबायची. साली-धागे एकीकडे, पेजेसारखी मऊ प्युरी दुसरीकडे.

मी विचारलं, "भावोजी, परसात ताजो भोपळो आसा. तो आधी दगड करूचो आणि मगे परत मऊ करूचो, ह्या कित्याक?"

दीर हसले. मशीनबद्दल बोलायचं झालं की ते मालवणी सोडून शुद्ध मराठीत शिरत, जणू मालवणीत बोललं तर मशीनला कमीपणा येईल. "भोपळे सगळे एकाच वेळी तयार होतात, कंपनीला मात्र वर्षभर लागतात," ते म्हणाले. "शिवाय गोठलेला किसला की रंग काळवंडत नाही. तुम्हा बायकांना हे समजायला वेळ लागेल."

त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण ह्या माणसाने जन्मभर मुंबईच्या कचेरीत ह्या टेबलावरची फाईल त्या टेबलावर नेली, घरी स्वतःच्या हाताने कधी नारळ सोलला नाही, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर चाळणीच्या भोकांवर तासभर व्याख्यान देऊ लागला. ऐकणारेही तसलेच. चहा मिळेपर्यंत माना डोलवायचे आणि फाटकाबाहेर पडलं की खिदळायचे.

मी मात्र मुकाट ऐकून घेत होते, कारण त्या मशीनवर माझं सगळं अवलंबून होतं. लग्न झाल्यापासून माझा नवरा मुंबईला, गावाकडच्या चार पोरांसोबत एका खोलीवर. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आणि घरात त्याच्या आवाजाची सवय होतेय तोवर बॅग भरायचा. दिरांनी सांगितलं होतं, पहिला माल नीट गेला की मशीन धाकट्या भावाने चालवायचं, मुंबई कायमची बंद. मशीन चालवायला शिकायचं म्हणून नवरा रजा काढून आला. मी त्याच्यासाठी माळ्यावरची जुनी खाट खाली काढून घासूनपुसून ठेवली. तो गावात राहावा, एवढंच मला हवं होतं. त्यापायी मी दिरांची आणखी दहा व्याख्यानं ऐकली असती.

वाडीतल्या बायकांनी भोपळे कापून दिले. फोडी पिशव्यांत भरून शेडमधल्या थंड खोलीत गोठवायला रचल्या. नमुन्यापुरती प्युरी काढली तेव्हा ती अशी दाट, केशरी निघाली, की मीही बोट बुडवून चाखली. उरलेल्या वाटीभर प्युरीचे मी घारगे केले. नवऱ्याने आवडीने खाल्ले. लहान मुलांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीने नमुना पसंत केला. आता प्युरी भरून न्यायला त्यांची पिंपं येईपर्यंत खोली थंड ठेवायची, एवढंच काम होतं.

आणि तेवढ्यात दिरांना देव आठवला.

आमच्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाने कौल दिला की तीन दिवस तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन राहायचं. गावात कोणी थांबायचं नाही. कौल मागायचा तो मानकऱ्यांनी, आणि थोरल्या काकांच्या मागे आमच्या घराचा मान दिरांकडे आला होता. पिंपं येऊन माल गेल्यावर विचारलं असतं तर देव काही रुसला नसता. पण दिरांना नवं सोवळं नेसून चारचौघांत पुढे उभं राहायची घाई. देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. दीर घरी आले ते छाती काढून, जणू पाकळी ह्यांनीच पाडली.

"भावोजी, थंड खोलयेचा काय?" मी विचारलं.

"ती आपोआप चालते," दीर म्हणाले.

वीज असेपर्यंत चालते, हे ते बोलले नाहीत. जनरेटर होता, पण वीज गेल्यावर तो आपला आपण सुरू व्हायला जे यंत्र लागतं ते त्यांनी पुढच्या वर्षावर ढकललं होतं. शेडच्या पाटीवर नाव रंगवायला मात्र कणकवलीहून पेंटर आला होता.

गाव बाहेर पडलं. वेशीवरच्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, फुगड्या, भजनं, पत्ते सुरू झाले. पाठीमागे गाव इतकं गप्प होतं की आमच्या थंड खोलीच्या कॉम्प्रेसरची घरघर व्हाळाच्या ह्या काठाला ऐकू येई. गावपळण बघायला बाहेरून कोणी आलं की दीर त्यांना उभं करून ती घरघर ऐकवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालली असताना ती थांबली. सगळ्यांनाच कळलं. काही जण दिरांकडे बघून लगेच पानात बघू लागले. हसू लपवायची आमच्याकडे हीच रीत.

मी उठले. "भावोजी, लाईट गेली. कोणीतरी जावन जनरेटर चालू करूक व्हयो."

"गावात पाय ठेवूचो नाय," दीर म्हणाले. आता शुद्ध मराठी पळाली होती. "मानकऱ्याच्याच घरातल्यान नियम मोडल्यान तर लोक काय म्हणतले?"

लोक काय म्हणणार ते मला माहीत होतं. ते आधीपासूनच म्हणत होते, दिरांना तेवढं ऐकू येत नव्हतं.

मी नवऱ्याकडे वळले. त्याचं जेवण आटोपलं होतं, तो पत्त्यांना बसला होता. "तुमी जावा. देवाक गाऱ्हाणा मी घालतंय. तो समजान घेतलो."

त्याने पान टाकलं आणि मान वर न करता म्हणाला, "जावंदे गो. बंद खोलयेत थंडी रवता."

मी व्हाळात उतरले, तशा बायका धावल्या आणि दंडाला धरून मला मागे घेऊन आल्या. उद्या कोणाची गाय आटली तरी ते खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं, आणि मला तर ह्याच गावात राहायचं होतं. मी झोपडीत जाऊन बसले. घरघर परत सुरू झाली नाही.

तिसरी रात्र सरून गाव परत भरलं, त्या दिवशी थंड खोलीचं दार उघडलं आणि आंबूस वास अंगावर आला. पिशव्या फुगल्या होत्या, खाली तांबडं पाणी साचलं होतं. दुसऱ्या कोणी ते उकिरड्यावर ओतलं असतं. दिरांनी मशीन सुरू केलं. घट्ट गोठलेल्या फोडींसाठी केलेलं ते मशीन, त्यात हा लिबलिबीत गाळ पडला. नळातून पाणी सांडलं, सालींनी चाळणी बुजली आणि दीर एकेक बटण दाबत म्हणत राहिले, "सेटिंग बघावं लागेल." कंपनीचा टेम्पो आला, ड्रायव्हरने नाकाला रुमाल लावला आणि रिकामी पिंपं तशीच परत नेली. दिरांनी विजेला दोष दिला. गावाने सांगितलं, देवाची इच्छा. सगळे मोकळे झाले.

संध्याकाळी नवऱ्याने बॅग काढली. तो शीळ घालत होता. "सोला आणि काजी बांधून दी," तो म्हणाला. "खोलयेवरची पोरा वाट बघत आसतली."

"मुंबयच्या खोलयेवर आता परत जागा गावतली तुमका?" मी विचारलं.

"गावतली. येतानाच सांगान इलंय, माझी जागा धरून ठेवा."

येतानाच. तेव्हा वीज गेली नव्हती, कौल पडला नव्हता, भोपळ्याची फोडसुद्धा वितळली नव्हती. दिरांची मला किळस आली होती खरी, पण तो माणूस निदान मशीन चालावं म्हणून तरी मूर्खपणा करत होता. ह्याने हात न हलवता पत्ते खेळत घरघर बंदच राहू दिली आणि त्याला बरं वाटलं. माझा नवरा म्हणून मला त्याची लाज वाटली. मी कोकमाची सोलं आणि काजू बांधून दिले.

दर वेळी मी त्याला सोडायला नांदगाव स्टेशनपर्यंत जाते. ह्या वेळी गेले नाही. अंगणात रिक्षा उभी होती. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना तो नेहमीसारखा म्हणाला, "येतंय गो."

ह्यावर "येवा" म्हणायचं असतं. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले.

"जावा," मी म्हटलं.