आदला अंक वाचणारी आत्या

आत्याच्या हाती पेपर पडला की ती आधी जाहीर नोटिसा वाचायची. उल्हासनगरच्या छापखान्यात तिनं आयुष्यभर मुद्रितं तपासली. लग्नपत्रिकेत वेलांटी चुकली तरी मालकाशी भांडायची. “छापलेलं अर्धं वाचू नये,” असं आम्हा पोरांना बजावायची.

थोरल्या काकांनी कुळाची वंशावळ छापायला घेतली. तीत पणजोबांच्या पहिल्या बायकोचं, म्हणजे आमच्या सख्ख्या पणजीचं, नावच नव्हतं. तान्हं मूल टाकून चांगुणाबाई पळाली, असं आमच्या बदलापूर गावातल्या घरात सगळे सांगत. काकांकडे पुरावाही होता, जुन्या साप्ताहिकाचं कात्रण: ‘माझी पत्नी घर व मूल सोडून निघून गेली आहे. तिच्याशी माझा संबंध उरलेला नाही.’ खाली पणजोबांचं नाव.

आत्यानं कात्रणावरची तारीख टिपून घेतली. मग दोन महिने अंबरनाथच्या आपल्या घरून कल्याणच्या वाचनालयात जाऊन त्या साप्ताहिकाचे तारखांची सरमिसळ झालेले गठ्ठे चाळले. धुळीनं खोकला धरला. औषध घे म्हटलं तर म्हणे, “आधी आजी सापडू दे.”

नोटिशीच्या आदल्याच अंकात ती सापडली. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या फाटकावर, संपात अटक झालेल्या बायकांच्या यादीत. ‘चांगुणाबाई, बदलापूर, तान्ह्या मुलासह.’ ते मूल म्हणजे माझे आजोबा.

छापलेल्या वंशावळीच्या प्रती वाटायला चिखलोलीच्या हॉलमध्ये सगळं कूळ जमलं, तेव्हा आत्यानं माइक घेतला आणि दोन्ही मजकूर तारखांसकट वाचले. “ती कोठडीत होती आणि पोर तिच्या मांडीवर. मग पळाली कधी? सुटून आल्यावर पोर काढून घेऊन दार लावलं असणार, दुसरं काय!”

“शालू, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतेस?” काका ओरडले.

“चव्हाट्यावर आपल्या आजोबांनीच नेलं, नोटीस छापून, दादा. मी फक्त आदला अंक वाचला.”

टाळी एकही पडली नाही. आत्या दारात खुर्ची टाकून बसली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या प्रतीत निळ्या पेनानं ‘चांगुणा’ लिहीत राहिली. एका चुलत्यानं प्रत हिसकावली. तिनं त्याच्या बायकोच्या प्रतीत लिहिलं.

आत्या गेली त्याला आता वर्ष झालं. पण त्या संमेलनानंतर आठवड्यानं काका तिच्याकडे आले, तेव्हा मी तिथेच होते. “माझ्या प्रतीत राहिलं,” ते खाली बघत म्हणाले.

आत्यानं पेन पुढं केलं. “तूच लिही.”

 काकांनी नाव लिहिलं, आणि कुणी न सांगता त्या नावापासून आपल्या वडिलांच्या नावापर्यंत एक रेघ ओढली.