धावपट्टीवरचे अण्णा

"रस्त्यावर न्हाय, मास्तर. रस्त्यावर न्हाय."

हे म्हणताना अण्णा उजव्या हाताचं बोट वर करायचे, आणि ते बोट नेहमी काळं असायचं. ग्रीसनं. कपाळावर भस्माचे तीन पांढरे पट्टे, खाकी शर्टाच्या आत गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, आणि आपल्या नाकासमोर हे काळं बोट. गाडी जोरात हाणण्याचा विषय लग्नाच्या पंगतीत निघो की न्हाव्याच्या दुकानात, बोट वर झालंच म्हणून समजा.

नवी पेठेत माझा टायपिंगचा क्लास होता. खाली कापडाचं दुकान, वर आमची चार मशिनं, आणि मागच्या बोळात अण्णांचं गॅरेज. वर आमची टकटक, खाली त्यांची ठोकठोक. असा शेजार असला की ओळख करून घ्यावी लागत नाही, ती होऊनच बसते. घरात ते कानडी बोलत, बाहेर मराठी, आणि इंजिनाशी दोन्ही. नट हटून बसला की "यप्पा, सोड की रे आता," असं त्याला अगदी पाहुण्याला समजवावं तसं समजावत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात मोटारी तेव्हा बेताच्याच, पण ज्यांच्याकडे होत्या त्यांची हौस दांडगी. एक दातांचे डॉक्टर होते, ते पेशंटला भूल देऊन मधल्या वेळात गाडीच्या गोष्टी सांगत. बार्शीचे एक धान्याचे व्यापारी होते. आणि एका गिरणीमालकांचे पुतणे होते, पंचविशीतले. त्यांना सगळे छोटे शेठ म्हणत. त्यांच्याकडे खरीखुरी स्पोर्ट्स कार होती. लाल, विलायती, उघड्या टपाची, आणि इतकी बुटकी की बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर डांबराला लागावा. दर रविवारी सकाळी ही मंडळी अक्कलकोट रोडवर एकमेकांच्या मागं सुटायची. सोमवारी त्यांच्या गाड्या अण्णांकडे यायच्या. टायरवरून हात फिरवला की अण्णांना आदला दिवस कळायचा. मग ते मान खाली घालून कामाला लागायचे.

एका सोमवारी ते जिना चढून वर आले.

"मास्तर, एक अर्ज करायचा हाय. विंग्रजीत. जरा कडक."

वळसंगच्या पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधून टाकून दिलेली एक धावपट्टी होती. विमानं कधीच बंद झाली होती. आता सुगीत तिथं तुरी वाळायच्या आणि एरवी शेरडं फिरायची. अण्णांच्या डोक्यात होतं की वर्षातून एक दिवस ती पट्टी मागून घ्यायची. गाडीमालकांनी यावं, गाडी तपासून घ्यावी, आणि एकेकट्यानं हवी तेवढी जोरात चालवावी. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. हौस तिथं फेडायची आणि रस्त्यावर माणसासारखं यायचं.

कलेक्टर कचेरीतून अर्ज परत आला. दुसरा गेला, तोही आला. तिसऱ्या वेळी साहेबांनी अण्णांना समोर बोलावलं. मी कागद धरायला बरोबर होतो.

"अहो, ही शर्यतच झाली ना?" साहेब म्हणाले.

"न्हाय साहेब. एका टायमाला एकच गाडी. एकटा माणूस कुणासंगं शर्यत लावणार?"

"आणि कोणी मेलं म्हणजे?"

"मरत्यातच की साहेब, आत्ताबी. रस्त्यावर."

साहेबांनी सही न करताच पेन खाली ठेवलं. पुढचे आठ महिने मी अर्ज टाईप करत होतो. कधी कचेरीच्या या शाखेला, कधी त्या. अण्णा प्रत्येक अर्ज दोन्ही हातांनी घ्यायचे, आधी बोटं फडक्याला पुसून. तरी कागदाच्या कोपऱ्यावर काळा ठसा उमटायचाच, आणि आम्ही तो अर्ज पुन्हा टाईप करायचो. मी एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, सोडून द्या आता." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसा काही मी कानडीही नाही आणि मराठीही नाही, भलत्याच भाषेत बोललो होतो.

वळसंगच्या लोकांची समजूत घालायला ते आठ वेळा एस.टी.नं गेले. तुरी उचलून झाल्याखेरीज एकही चाक पट्टीवर येणार नाही, असा शब्द दिला. शेवटी छोट्या शेठच्या काकांनी वर कुठंतरी बोलणं केलं आणि सही झाली.

मग नियम. चौदा नियम मी प्रती काढायला स्टेन्सिलवर कापले. सातवा मला विचित्र वाटला: गाडीत चालवणाऱ्याशिवाय दुसरं कोणीही बसायचं नाही.

"बायका-पोरांना एक चक्कर मारून आणली तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"न्हाय. शेजारी कुणी न्हाय." एवढंच बोलून ते जिना उतरले.

तो दिवस आला. माघ संपत आला होता, हवेत गारवा होता. पट्टीवर चुन्याच्या रेघा, दोन्ही टोकांना डांबराची रिकामी पिंपं. पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. तेरा गाड्या आल्या, त्यांत एक अण्णांची. भंगारात घेतलेली जुनी विलायती गाडी त्यांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी थोडी थोडी करत उभी केली होती. फिकट हिरवा रंग, आरशासारखी चकाकी. बायकोनं बॉनेटवर हळदकुंकू लावलं होतं.

आम्हाला वाटलं होतं, बघायला पन्नास माणसं येतील. पण "शर्यत हाय, शर्यत" अशी आवई उठली आणि सायकली, बैलगाड्या, ट्रक भरून माणसं लोटली. शेंगावाले आले, भजीवाले आले. पलीकडच्या वळणावर लोक पिंपांना टेकून उभे राहिले. अण्णांनी दोर आणला आणि तिथून साठ पावलं मागं बांधला. लोक हलेनात. एक पैलवान म्हणाला, "लांबून काय दिसणार, कप्पाळ?"

"काय दिसलं न्हाय तरी चालंल. घरला तर जाशील," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या छातीला हात लावून त्यांनी त्याला एकेक पाऊल मागं नेलं. सगळ्यांना नेलं. तास गेला त्यात.

त्या टोकाला त्यांनी एक लोखंडी खुर्ची मांडली होती. तीत वळसंगचे एक गृहस्थ बसले होते, सिद्राममामा. डोक्याला पटका, हातात लाल निशाण, खुर्चीला टेकवलेली कुबडी. उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता. त्यांनी निशाण वर केलं की गाडी थांबलीच पाहिजे, मालक कोणीही असो. हा नियम पहिला होता.

सकाळ छान गेली. डॉक्टरांनी खुशीत टोपी हवेत उडवली. बार्शीचे व्यापारी उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. अकराच्या सुमाराला लाल गाडी आली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. सगळे तिच्यासाठीच आलेले.

अण्णा पोतं अंथरून गाडीखाली गेले. बाहेर आले ते मान हलवतच.

"ब्रेकची नळी फुगलीया. कवाबी फुटंल. गाडी सुटणार न्हाय."

"आजवर चाललीच की," छोटे शेठ हसले.

"सुटणार न्हाय."

शेठचं हसू गेलं. "अण्णा, परवानगी माझ्या काकांच्या शब्दावर मिळालीय. विसरलात का?"

"न्हाय विसरलो. काकांना माझा नमस्कार सांगा. गाडी सुटणार न्हाय."

गर्दी ऐकत होती. शेठचे कान लाल झाले. ते गाडीत बसले, चावी फिरवली. "ठीक आहे. तुमची पट्टी तुम्हाला लखलाभ. अक्कलकोट रोड मोकळाच आहे."

अण्णांचा चेहरा मी पाहिला. तो एकदम उतरला. जे टाळायला हा सगळा खटाटोप केला होता तेच आता, फुगलेली नळी घेऊन, रस्त्यावर निघालं होतं. गाडी हलणार एवढ्यात ते तिच्या पुढं गेले आणि बंपरला पाठ लावून खाली मातीत बसले.

"एक तास द्या मला," ते म्हणाले. "तासाभरात तुमची गाडी मी पास करतो."

"नळी कुठून आणणार? मुंबईलासुद्धा मिळत नाही."

अण्णा उठले आणि सरळ आपल्या हिरव्या गाडीकडे गेले. दोन्ही गाड्या विलायती, नळीचे आटे सारखे, एकीची दुसरीला बसणारी. त्यांनी स्वतःच्या गाडीची नळी उतरवली. मी म्हणालो, "अण्णा, तुमची फेरी?" ते नळी घेऊन लाल गाडीखाली शिरले.

मला त्यांनी लाल गाडीत बसवलं आणि ब्रेकचा पाय दाबायला लावला. खालून आवाज यायचा, "दाबा मास्तर. धरा. सोडा. परत दाबा." ब्रेकमध्ये शिरलेली हवा निघेपर्यंत हे चाललं. छोटे शेठ शेजारी उभे होते. मधेच कधीतरी त्यांनी पाना पुढं केला. मग तेही पोत्यावर गुडघे टेकून बसले.

गाडी सुटली. काय सुटली! दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला पलीकडच्या टोकाला शेठनी वेग आवरला नाही. सिद्राममामांचं निशाण वर गेलेलं मला दिसलं. गाडी पिंपाला घासून गर्रकन फिरली, मागच्या अंगानं पट्टीबाहेर गेली, आणि काळ्या ढेकळांत रुतून उभी राहिली. दोरापासून दहा पावलांवर.

अण्णा पळाले. देह जड, वय पन्नाशीच्या पुढं, पण पळाले. मी मागं. गाडीत छोटे शेठ सुकाणू धरून तसेच बसले होते.

"लागलं का?"

"नाही." मग ते म्हणाले, "ब्रेक लागला म्हणून इथं थांबली. अण्णा, या जागेवर सकाळी माणसं होती ना?"

"व्हती."

"किती?"

"मोजली न्हाईत. हाकलली." अण्णांनी खुर्चीकडे मान वळवली. "त्यो सिद्राम. त्यो रस्त्यावर व्हता."

छोटे शेठ त्या नसलेल्या पायाकडे बघत राहिले. मग ते उतरले, त्यांनी सिद्राममामांना वाकून नमस्कार केला. मामा गांगरून म्हणाले, "असूं द्या की, असूं द्या."

परतताना अण्णांची गाडी ट्रकवर चढवून आणावी लागली. ब्रेकच नव्हता तिला. मी त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये पुढं बसलो होतो. तेव्हा त्यांनी सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्कलकोट रोड, मित्राची गाडी. पुढं सिद्रामची बैलगाडी, अंधार नव्हता, पाऊस नव्हता. एक बैल जागच्या जागी मेला. सिद्रामचा पाय गेला.

"मित्राला शिक्षा झाली. मला कुणी काय इचारलं न्हाय, मास्तर. मी शेजारी बसलो व्हतो नव्हं." ते पुढच्या रस्त्याकडे बघत होते. "पर अजून जोरात, अजून जोरात म्हून वरडत कोण व्हतं? मीच की."

मला सातवा नियम त्या दिवशी कळला.

अक्कलकोट रोडवरची धावाधाव थांबली असं मी म्हणणार नाही. पण अण्णा सोडून त्या बारांपैकी एकही पुन्हा रस्त्यावर सुटला नाही, हे मी छातीठोक सांगतो. पुढच्या वर्षी छोट्या शेठनी कुठून कुठून खटपट करून नवी नळी मागवली आणि ती स्वतः गॅरेजात आणून दिली. त्या वर्षी अण्णांनी आपली हिरवी गाडी चालवली. फक्त दोन फेऱ्या. उतरले, तर डोळ्यांत पाणी. वारा लागला म्हणाले. "कसं वाटलं?" मी विचारलं. "यप्पा! लई ग्वाड," आणि लाजले.

चार वर्षं तो दिवस झाला. पाचव्याची तयारी चालू असताना, भर दुपारी गॅरेजात, एका चाकाशेजारी बसलेले अण्णा उठलेच नाहीत. मी वरून धावत आलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना फुलांच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवलं. पुढं टाळ, मृदंग आणि भजन. मागं गाड्या आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर, बार्शीचे व्यापारी, सगळे. नवी पेठेतली दुकानं अर्धी मिटली, माणसं कडेला झाली, आणि माणसाच्या पावलानं त्या गाड्या एकामागोमाग चालू लागल्या.

लाल गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी सिद्राममामा बसले होते. त्यांना एवढं लांब चालणं झेपणार नव्हतं. पण तसली गाडी इतक्या हळू चालायला केलेलीच नसते. चौकात तिचं इंजिन तापलं, पुढून वाफ आली. छोट्या शेठनी ती बंद केली, कोट काढून सीटवर टाकला, आणि एक हात सुकाणूवर ठेवून गाडी ढकलायला सुरुवात केली. आम्ही दोघंतिघं पुढं झालो. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मामा पटका सावरत ताठ बसले होते. विमानाच्या मागं, घामानं निथळत, छोटे शेठ ती गाडी एकटेच ढकलत राहिले, थेट रुद्रभूमीच्या फाटकापर्यंत.