पूर्वाच्या पोटगीच्या खटल्यात मी दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. धाकटा भाऊ गेला, परवा त्याचा दहावा झाला. आई तर आधीच गेली. आता घरात सांगावं असं कुणी उरलेलंही नाही — म्हणून तुम्हाला सांगते. ती साक्ष आठवली की अजून छातीत धडधडतं — आनंदानं! लाज वाटायला हवी ना? वाटते. पण आनंद तिच्या आधी येतो.

मी बऱ्हाणपुरात शाळेत शिकवायची. कमी बोलणारी, पुस्तकात डोकं घालून बसणारी. गल्लीत भांडण झालं तरी लोक म्हणायचे, "मॅडमना विचारा, त्या खोटं बोलायच्या नाहीत." भावाची बायको छोट्या पूर्वाला घेऊन तापीपलीकडे जैनाबादला माहेरी गेली आणि तिनं मुलीच्या पोटगीसाठी कोर्टात अर्ज केला. भावाच्या बाजूनं साक्षीला मी उभी राहिले, तेव्हा माझ्याजवळ हेच भांडवल होतं.

आमचे पावरलूम आईच्या नावावर होते. नावालाच. चालवायचा भाऊ, कमाई त्याची. आई कधी तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती. मी कोर्टात सांगितलं — लूम आईचे, भाऊ तिथे मजुरी करतो, कधी काम असतं, कधी नसतं. इतकं सहज! कुठे अडखळले नाही, आवाज चढला नाही. समोरच्या वकिलानं खोचकपणे विचारलं, "मजुरी करतो, आणि दारात नवी मोटारसायकल? ती कोणाची मग?"

"माझी," मी म्हणाले.

मला साधी सायकल येत नाही हो — पण ते त्यांनी विचारलंच नाही! कसं सांगू तुम्हाला? जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतः काही रचलं, आणि अख्खं कोर्ट ते खरं मानून ऐकत होतं. बाहेर आल्यावर आमचा वकील म्हणाला, "मॅडम, आप तो छुपी रुस्तम निकलीं!" भावानं मावा जिलेबी आणली. त्यानं तुकडाही तोंडात घातला नाही. मी खाल्ली — पोटभर.

पोटगी ठरली ती एका मजुराच्या मुलीची. मुलांना वाढवणं आईबापांना टाळता येत नाही, कायदा तसा आहे — हे मला ठाऊक नव्हतं? वर्गात मीच तर शिकवायची! पूर्वाची चांगली शाळा सुटली. पुढे नर्सिंगला नंबर लागला होता, फी भरता आली नाही. आता ती साडीच्या दुकानात घड्या घालते.

परवा दहाव्याला तापीवरच्या राजघाटावर ती आली. विधी आटोपले तसं माझ्या पाया पडली. "आत्या," ती म्हणाली, "आई नेहमी म्हणते, पप्पांनी कमाई लपवली. मी तिच्याशी भांडते. मी तर तोंडावर बोलते तिला, झूठ तू बोलतेस, आत्या नाही. पप्पांजवळ असतं तर दिलं असतं ना त्यांनी?"

काय उत्तर दिलं असेल मी? तोंडाशी आलं होतं सगळं. पण तिच्या चेहऱ्यावर तो विश्वास होता — आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनीही माझं खोटं उभं होतं! आईलेकीच्या मध्ये उभं होतं, तरी उभं होतं.

"दिलं असतं गं," मी म्हणाले. "नव्हतंच बिचाऱ्याकडे."

ती समाधानानं पुलाकडे निघाली. आईशी पुन्हा भांडायला.

अजून एक राहिलं — खरं तर सगळ्यात आधी हेच सांगायचं होतं. तुम्हाला वाटत असेल, भावानं गळ घातली म्हणून मी खोटं बोलले. नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी तो जेवता जेवता म्हणाला होता, "ताई, जितके लागतात तितके देऊन टाकतो. पोरगी तर माझीच आहे ना." आईनंही मान डोलावली होती.

मीच हातातलं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "थांब. मला एक सुचलंय."