मटण, व्हिसा, अपार्टमेंट

२००१ साली कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी सुटताना आईनं खिडकीतून कांदा-लसूण मसाल्याची बरणी आत सरकवली आणि आबा म्हणाले, "रजा हाय, नोकरी सोडलेली न्हाय. ध्यानात ठेव." पोरींनो, तुम्हाला अकरावीला इंग्रजी शिकवणारी मी, लग्न करून अमेरिकेला निघाले होते.

इंग्रजांवर फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांनी राज्य केलं, म्हणून मेंढरू कुरणात असतं तोवर शीप आणि सरदाराच्या ताटात गेलं की मटण, हा माझा आवडता धडा. आपलं मटण मूळचं फ्रेंचांचं, हे ऐकून वर्ग चाट पडायचा. आमच्या गावी, गडमुडशिंगीत, म्हशी राखणाऱ्या आबांना सांगितलं, तर रश्श्याची वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "म्हंजे राखणारा येगळा, खाणारा येगळा. हितं बी तेच हाय की."

इकडे आल्यावर पासपोर्ट, व्हिसा, अपार्टमेंट हे सगळे फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेले शब्द माझ्या अंगावर आले. अपार्टमेंटच्या मुळाशी वेगळं काढणं आहे, असं मीच फळ्यावर लिहिलं होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, मला काम करायला बंदी. नवरा भला आहे, पण सकाळी गेला की रात्रीच उगवतो. पहिल्याच आठवड्यात आईच्या मसाल्याची फोडणी दिली, तर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. खिडक्या उघडत नाहीत. तेव्हापासून बरणी बंद, मीही बंद.

रजा संपत आली तसं मी परत यायचं ठरवलं. नवऱ्याशी भांडून तिकिटाचंही कबूल करून घेतलं. ते सांगायला फोन केला, तर माझ्याआधी आबाच बोलले, "कालिजातल्या सरास्नी सांगितलंय, पोरगी काय आता येत न्हाय. नांदत्या घरातनं तुला बोलवू व्हय?" माझ्या जागी दुसऱ्या बाई रुजूही झाल्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा मला आबांचा राग आला. नोकरी माझी, आणि ठरवून मोकळे झाले ते. मी फोन ठेवला, तेल तापवलं आणि बरणीतला मसाला त्यात टाकला. भोंगा बोंबलला. मी तो बंद केला नाही, दार सताड उघडलं. शेजारी खोकत बाहेर आले आणि मी दारात उभी राहून रडले.

घर कुठलं असं कुणी विचारलं, की गडमुडशिंगी म्हणायला आता जीभ रेटत नाही. जिथं फोडणी द्यायला कुणाला विचारावं लागत नाही, ते घर. मला ते अजून मिळालेलं नाही.