युगोमवरची चांदणी

"इथली चांदणी कुणी उडवली?"

उद्घाटनाला तास उरला होता. बारामतीच्या आमच्या कॉलेजात जुन्या अवजारांचं प्रदर्शन होतं. भिंतीवरच्या फ्लेक्सखाली माझं नाव होतं, भाषाशास्त्र विभागासकट.

"प्रिंटिंग मिस्टेक वाटली, मॅडम. मीच उडवायला लावली," प्राचार्य म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. फ्लेक्स होता बैलांच्या मानेवरच्या आपल्या जुवाचा. संस्कृतात युग, लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक. अशी भावंडं शेजारी मांडायची, कुठला आवाज कुठं नेमानं बदलतो ते तपासायचं आणि त्यांचा हरवलेला मूळ शब्द बांधायचा. इथं तो निघतो युगोम. पण तो कुणी ऐकलेला नाही, कुठं लिहिलेला सापडलेला नाही. म्हणून त्याच्या आधी ताऱ्याची ही खूण, चांदणी, काढतात. चांदणी म्हणजे आमची कबुली, की हा अंदाज आहे. ती पुसली की मी खोटारडी ठरते.

"अंदाज म्हटलं तर पाहुण्यांना काय वाटेल?" साहेबांनी मलाच विचारलं. शिवाय टेबलावरच्या जुवासाठी 'हजारो वर्षांपूर्वीचे जू' ही ओळही त्यांनीच घुसडली होती.

ते जू अंथुर्णे गावच्या तात्यांनी दिलेलं. तेवढ्यात तात्याच एसटीनं आले. त्यांनी सावकाश फ्लेक्स वाचला.

"मॅडम, हजारो वर्षाचं कुठलं? माझ्या बापानं तासलंय हे. आमच्या बांधावरची बाभळ."

"ऐकलंत, सर?" मी मार्कर घेतला. ती ओळ खोडली आणि युगोमच्या आधी ठसठशीत चांदणी काढली.

"अहो, फ्लेक्स नवा आहे!"

"खोटं जुनं व्हायची वाट बघू का?"

साहेब तणतणत गेले. तात्यांनी चांदणीचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"म्हंजी शब्दाचं मूळ कुणी बघितलं न्हाय, म्हून चांदणी?"

"हो."

"मग ह्या जुवाचं मूळ मी बघितलंय की. बापाचं नाव कुठं हाय?"

मी फ्लेक्स पुन्हा वाचला. नाव नव्हतं, आणि ते साहेबांनी गाळलं नव्हतं. मूळ मजकूर माझाच होता. तात्यांच्या ओसरीवर बसून मी शिवळ या खुंटीपासून सापती या गळपट्ट्यापर्यंत जुवाचे सगळे शब्द टिपले होते. वडिलांचं नाव विचारलं नव्हतं. आता चिडायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

अंदाज बांधण्याआधी माहीत असलेल्याला विचारावं, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते.

"काय नाव वडिलांचं?"

"गेनू."

मोठ्या अक्षरांत लिहिलं. चांदणी न काढता.