फासळ्यांमागचा सूर्य
जुईनगरचं घर रिकामं करताना कपाटामागे बाबांच्या छातीचा एक्स-रे सापडला. ते वारल्यानंतर त्याच वर्षी मी आईला घेऊन सुरतेजवळ खग्रास ग्रहणाचे फोटो काढायला गेलो होतो, तेव्हा लेन्ससमोर धरायला हीच काळी फिल्म नेली होती. सूर्याची कोर बाबांच्या फासळ्यांमागे विझत गेली, कावळे गप्प झाले, शेतात भर सकाळी अंधार पडला आणि आमच्या मागे कुणीतरी खोकलं. कळंबोलीच्या लोखंडबाजारात जन्म गेलेल्या माणसाचा तो कोरडा खोकला आम्ही दोघांनीही ओळखला. माझी मान वळेना. आई मात्र मागे न बघता, रोजच्या आवाजात म्हणाली, “अहो, थांबा जरा. गिरान सुटू दे, मग पाणी देते.” उजेड आल्यावर तिनं बाटलीतलं पाणी बांधावर ओतलं. आज ती फिल्म खिडकीशी धरायचा मला धीर झाला नाही.