उघडा राहिलेला इंटरप्ट

धाटावच्या एका कारखान्यात आमच्या ऑफिसने बनवलेलं कंट्रोल पॅनेल होतं. टाकीत रसायन किती सोडायचं, पंप कधी थांबवायचा, हे ते ठरवायचं. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणं माझं काम. पेणला घरी बसूनच मी ते करायचे. पंधरा-वीस दिवसांतून एकदा ते पॅनेल गोठायचं. पडदा जागच्या जागी, बटणं मेलेली. बंद करून चालू केलं की ठणठणीत.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी एसटीने रोह्याला आणि तिथून रिक्षाने धाटावला गेले. पॅनेलवर एक काका होते, खाडीकडच्या मिठागरवाल्या घरातले, निवृत्तीला वर्ष राहिलेले. मी बॅग उघडायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, मी काय हात नाय लावला. सायब म्हनतात, तूच कायतरी दाबतोस."

"तसं कोणी म्हणत नाही, काका."

हे खोटं होतं. वापरणाऱ्याची चूक असावी, असं आमच्याच ऑफिसने कळवलं होतं.

दोन दिवस बसून राहिले, काही घडलं नाही. माग काढायला मी कोडमध्ये जागोजागी नोंदी छापणाऱ्या ओळी घातल्या आणि पेणला परतले. त्या ओळींमुळे कामाची वेळच थोडी पुढे-मागे झाली आणि दीड महिना पॅनेल गोठलंच नाही. पुन्हा जाऊन ओळी काढल्या, तर चौथ्या दिवशी काकांचा फोन. "झाला परत," एवढंच म्हणाले.

दर वेळी नेमकं काय चालू होतं ते त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. त्या पानांचे फोटो त्यांनी पाठवले. प्रत्येक वेळी दोन पंप एकदम थांबले होते. गोठताना काय चालू असतं, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

तिथून धागा सापडला. पंपाला काही सांगायचं असलं, अगदी 'थांबलो' एवढंही, की तो प्रोसेसरला हाक मारतो; ती हाक म्हणजे इंटरप्ट. नाजूक काम चालू असताना कर्नल या हाका बंद ठेवतो आणि काम झालं की उघडतो. हाका बंद आहेत की चालू, याची नोंद आमच्या कोडमध्ये दोन ठिकाणी होती, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली. एका कामाच्या पोटात दुसरं काम निघालं, की आतलं काम संपताना सरळ हाका उघडून मोकळं व्हायचं. बाहेरच्याने त्या बंद ठेवल्या होत्या, हे ते बघतच नव्हतं. नोंदीत बंद, प्रत्यक्षात उघड्या. तेवढ्यात दुसऱ्या पंपाची हाक आली की सगळं एकमेकांत अडकायचं.

महिनाभर खपून मी ते निस्तरलं. नोंद एकाच जागी आणली. ज्या कामाला हाका जशा मिळाल्या, बंद किंवा उघड्या, तशाच त्याने परत ठेवायच्या, असं केलं. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी कोड वाचला.

"छान झालंय. नवीन पॅनेलमध्ये घालू. चालू पॅनेलच्या कर्नलला हात नको. गोठलं की आपोआप रीस्टार्ट होईल, तेवढं कर."

"आणि चूक आपली होती, हे कारखान्याला कळवायचं ना?"

"लेखी काही देऊ नकोस."

मी धाटावला जाऊन तिथल्या मॅनेजरना तोंडी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असं लेखी द्या. तोंडी बोलण्यावर मी काय करू?"

काकांना तोवर पॅनेलवरून काढून स्टोअरमध्ये टाकलं होतं. रबरी हातमोज्यांचे गठ्ठे लावत होते.

"काका, चूक कोडमध्ये होती. तुमच्या लिहिण्यामुळेच सापडली."

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "मंग मला परत पॅनेलवर घेतील?"

"नाही, काका."

"सायबाला सांगितलंत ना पन?"

"सांगितलं. ते लेखी मागतात."

"मंग द्या की."

मला देता येणार नाही, एवढंच मी म्हटलं. आमच्या साहेबांचं नाव पुढे केलं नाही. नोकरी जाईल ही भीती माझीच होती. काकांनीच विषय बदलला. "चहा घेनार?" म्हणाले.

नवीन पॅनेलमध्ये माझा कोड गेला आणि तो नीट चालतो. काका स्टोअरमधूनच निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणाला त्यांनी मला आवर्जून बोलावलं, मी गेलेही. भाषणात मॅनेजर म्हणाले की माणूस कष्टाळू, फक्त मशीनशी त्याचं जमलं नाही. लोक हसले, काकाही हसले. मी शेजारच्याच खुर्चीत होते आणि हातातलं ताट तसंच धरून बसले.